आमदार-खासदारांचा दौरा झाला, पुढं काय? कामाचा माग कसा काढायचा (खास नाशिककरांसाठी)

कुठलाही सोसायटीचा नाहीतर गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, दर दोन-चार दिवसांनी तेच फॉरवर्ड येतं, "आज मतदारसंघातील विविध भागांना भेट देऊन नागरिकांच्या समस्या जाणून घेतल्या व संबंधित अधिकाऱ्यांना तातडीने सूचना दिल्या", खाली फोटोंची माळ, एका फोटोत साहेब फोनवर बोलतायत, एका फोटोत गटाराकडं बोट दाखवतायत, आणि मग ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते कार्यसम्राट, दुसरी म्हणते फोटोसम्राट. सूचना कोणाला दिल्या, कसल्या दिल्या, हे दोन्ही पार्ट्यांना माहीत नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. दौऱ्यात जे बोललं गेलं त्याचा कुठं कागद झाला का, एवढंच बघायचं. कागद झाला असेल तर तो सापडतो, आणि तो शोधायला कोणाची ओळख लागत नाही, मोबाईल आणि थोडा चिवटपणा लागतो. कसं ते सांगतो.

सगळ्यात आधी आपला माणूस कोण ते नक्की करा. हसू नका, शहरात निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत, त्यात शहराच्या नावाचे पूर्व, मध्य आणि पश्चिम, शिवाय देवळाली, आणि लोकसभेचं तर अजून वेगळं, नाशिक आणि दिंडोरी हे दोन आपल्याला माहीत असतात पण मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत जातात, म्हणजे सटाण्याच्या माणसाचा खासदार धुळ्याचा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मतदार कार्डाचा नंबर टाकला की विधानसभा आणि लोकसभा दोन्ही दिसतात. विधान परिषदेचे आमदार पण असतात हे विसरू नका, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ नाशिक विभागाचे आहेत म्हणजे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार असे पाच जिल्हे, त्यामुळं त्यांचा दौरा आज येवल्यात तर उद्या शहाद्यात असू शकतो, त्यात गैर काही नाही.

मग प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला ते बघा, कारण अर्धी भांडणं इथंच मिटतात. कॉलनीतला रस्ता, नळाला कमी दाबानं येणारं पाणी, घंटागाडी हे महापालिकेचं, म्हणजे राजीव गांधी भवन. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं आपल्याकडं प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, त्यामुळं लोकांना साध्या लाइटच्या खांबासाठी पण आमदाराकडं जायची सवय लागलीय. द्वारका चौकातला जाम मात्र नुसता महापालिकेचा नाही, तिथं मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे असे दोन महामार्ग येऊन भिडतात, तिथं केंद्राचं महामार्ग खातं येतं आणि खासदाराला विचारणं बरोबर ठरतं. कांद्याचं पण तसंच आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली पण ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पण गेलं, हा सगळा खेळ दिल्लीचा होता. तेव्हा लासलगावला येऊन आमदार कितीही तावातावानं बोलला तरी त्या निर्णयाची फाईल त्याच्या टेबलावर येतच नाही, त्याला फार तर दिल्लीला पत्र लिहिता येतं, आणि ते पत्र लिहिलं का हे मात्र आपण नक्की विचारू शकतो.

आता पैशाचं बघू, कारण फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतं, "अमुक कोटींचा निधी मंजूर".

खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. आमदाराचा पण २०२२ पासून ५ कोटी झालाय, आधी तो कमी होता. हा पैसा त्यांच्या खात्यात येत नाही बरं का, ते काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होतो, आपल्याकडं सीबीएसजवळ जिल्हा नियोजनचं ऑफिस आहे तिथं ही यादी असते. खासदार निधीचं बरं आहे, केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या एमपीलॅड्स वेबसाईटवर मतदारसंघानुसार सुचवलेली, मंजूर झालेली आणि पूर्ण झालेली कामं दिसतात, आणि या तीन आकड्यांमधली दरीच खरी गोष्ट सांगते. सुचवलेली ढीगभर आणि पूर्ण मूठभर असतील तर मधे काय अडलं ते विचारायचं. एक अजून, हा निधी देवळाच्या किंवा कुठल्याही धर्मस्थळाच्या आतल्या कामाला वापरता येत नाही, तेव्हा मंदिराच्या सभामंडपाला खासदार निधी जाहीर झाला असं कोणी सांगितलं तर जागा नक्की कुठली, कोणाच्या नावावर, ते तपासून घ्या.

पण फ्लेक्सवरचे मोठे आकडे बहुतेक वेळा या निधीतले नसतातच. ते येतात लेखाशीर्षांमधून, म्हणजे सरकारी बजेटमधल्या खर्चाच्या वेगवेगळ्या नंबरी कप्प्यांमधून, यालाच हेड म्हणतात. खेड्यात विचारलं तर पोरं पण सांगतील, "पंचवीस-पंधरामधून झालाय रस्ता", म्हणजे ग्रामविकास खात्याचं २५१५ हे शीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं त्यातून होतात. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४. आणि बांधकाम खात्याच्या बजेटमधली कामं त्यांच्या व्हाइट बुकात छापलेली असतात. म्हणून निधीची पोस्ट दिसली की कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा एकच प्रश्न टाका, "साहेब, कुठल्या हेडमधून आणि जीआर (म्हणजे शासन निर्णय) कधीचा?" भल्याभल्यांची बोलती बंद होते, आणि खरंच काम झालेलं असेल तर पीए दहा मिनिटांत जीआरची पीडीएफ टाकतो, तो तर वाटच बघत असतो कोणी विचारेल म्हणून.

जीआर स्वतः शोधायचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या साईटवर जा, खातं निवडा, तारखेची रेंज टाका. गावाच्या नावानं सर्च केलं तर बऱ्याचदा मिळत नाही कारण गावांची यादी आत परिशिष्टात असते, आणि ते परिशिष्ट कधीकधी स्कॅन केलेलं आडवंतिडवं असतं, तेव्हा पीडीएफ उतरवून डोळ्यानंच बघावं लागतं. प्रत्येक जीआरला एक लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. नुसता लेटरहेडचा फोटो फिरत असेल आणि सांकेतांकच नसेल तर ते पत्र आहे, जीआर नाही. पत्र म्हणजे मागणी झाली, तेवढंच.

पुढच्या पायऱ्या पण डोक्यात ठेवा. मागणी, मग अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, आणि मग कुठं जेसीबी. पोस्ट यातल्या कुठल्याही पायरीवर पडू शकते आणि प्रत्येक पायरीला पेढे वाटता येतात, त्यामुळं एकाच रस्त्यासाठी तीन-तीनदा अभिनंदनाचे फ्लेक्स लागलेले आपण बघितलेत. टेंडर निघालं का ते सरकारच्या महाटेंडर्स साईटवर दिसतं. "तत्त्वतः मान्यता" असं लिहिलेलं असेल तर अजून पैशाचा पत्ता नाही असं समजून चाला. नाशिकच्या मेट्रोचंच घ्या की, १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय बजेटच्या भाषणात नाशिक मेट्रोला २,०९२ कोटी असं अख्ख्या देशासमोर वाचलं गेलं, आपल्याकडं केवढा जल्लोष झाला, सगळ्या पक्षांनी श्रेय घेतलं, रबरी टायरवर चालणारी मेट्रो निओ म्हणून चित्रं फिरली, आणि आपण अजून त्याच सिटीलिंकच्या बसला लटकतोय. नाशिक-पुणे रेल्वेला तर सिन्नरकडं जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती, मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रूटच बदलायचं निघालं. तेव्हा घोषणेच्या तारखेपेक्षा आज फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं.

भूमिपूजनाला जायची संधी मिळाली तर जरूर जा, फुकटचा चहा असतो आणि माहिती पण. फक्त साहेबांच्या भोवती गर्दी करू नका. मांडवाच्या मागच्या बाजूला एक माणूस उभा असतो, हातात फाईल किंवा प्लॅस्टिकचं फोल्डर, बूट धुळीनं भरलेले, भाषण चालू असताना त्याचं लक्ष सतत घड्याळाकडं, तो शाखा अभियंता. त्याच्या शेजारी पांढऱ्या गाडीला टेकून उभा असतो तो ठेकेदाराचा माणूस, नारळ, कुदळ आणि मांडवाचा खर्च बहुतेक त्यानंच केलेला असतो. अभियंत्याला हळूच विचारायचं, "साहेब, वर्क ऑर्डर झाली का? मुदत किती महिन्यांची?" तो भाषण करत नाही, सरळ सांगतो. बरेचदा वर्क ऑर्डर व्हायच्या आधीच नारळ फुटलेला असतो, आचारसंहितेच्या तोंडावर तर सर्रास. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, त्याच्या आधीचे दोन आठवडे आठवा, सकाळी एक दुपारी दोन असं चालू होतं. आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही, आधीच जागेवर सुरू झालेलं मात्र चालू राहतं, म्हणून कोनशिलेवरची तारीख बघायची आणि त्या तारखेला जागेवर खडी पडली होती का ते आठवायचं.

काम सुरू झालं की बोर्ड लागायला हवा, त्यावर कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, सुरू आणि पूर्ण व्हायची तारीख, आणि दोष दायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा, या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचा असतो. पहिल्याच दिवशी बोर्डाचा फोटो काढून ठेवा, कारण बोर्ड गायब होतात.

आता आपलं स्वतःचं काम सांगायचं असेल तर. दौऱ्यात गर्दीत निवेदन देणं म्हणजे फोटोपुरतं, ते निवेदन पीएच्या हातात, तिथून गाडीच्या मागच्या सीटवर शाली आणि बुके यांच्या खाली, आणि पुढं देवाला ठाऊक. दौऱ्यात द्यायचंच असेल तर द्या, फोटो पण काढा, पण दुसरी प्रत घेऊन दोन दिवसांत जनसंपर्क कार्यालयात जा. एका निवेदनात एकच विषय. दहा मागण्या लिहिल्या की त्यातली सगळ्यात सोपी करून "मागण्या मार्गी" अशी पोस्ट पडते. विषय असा लिहायचा, "अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्यावरील पथदिवे बंद असल्याबाबत", जागेची खूण, शेतातलं असेल तर गट नंबर, कधीपासून, एक-दोन फोटो प्रिंट काढून जोडलेले, खाली आठ-दहा जणांच्या सह्या आणि एकाचा मोबाईल नंबर. एक पान बास. आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख.

मग आमदाराचं शिफारस पत्र मागायचं, त्यावर जावक क्रमांक पाहिजे, आणि ते पत्र संबंधित खात्यात आपण स्वतः नेऊन तिथला आवक शिक्का पण घ्यायचा. कागद आपणच फिरवायचा, "ऑफिस पाठवून देईल" यावर विसंबायचं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथं अर्ज आधी द्यावा लागतो, तो पण मार्ग आहे आणि त्याला आमदार लागत नाही.

सभागृहातलं काम हा वेगळा भाग, आणि माझ्या मते आमदार-खासदाराचं मूळ काम तेच, गटार बघणं त्याचं काम आपण केलंय. विधिमंडळाची तीन अधिवेशनं असतात, बजेट आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. विधिमंडळाच्या साईटवर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज मिळतं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर, तातडीच्या विषयावर लक्षवेधी. उत्तरं वाचायला मजा येते, "हे खरे आहे काय?" याला उत्तर "हे अंशतः खरे आहे", आणि शेवटच्या उपप्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही". पण त्या "अंशतः खरे" च्या खाली कधीकधी आपल्या धरणाचा, आपल्या दवाखान्याचा नेमका आकडा दडलेला असतो जो कुठल्याच बातमीत नसतो.

फक्त प्रश्नांच्या संख्येवर जाऊ नका. आमच्या साहेबांनी इतके शे प्रश्न विचारले अशी पोस्ट आली की यादी उघडून बघा, एकेका प्रश्नावर आठ-दहा आमदारांची नावं असतात, प्रश्न विदर्भातल्या तालुक्याचा आणि नावांच्या रांगेत आपले साहेब पण. तो पण मोजला जातो. आपल्या तालुक्याचं नाव असलेले किती, आणि उत्तरानंतर उपप्रश्न विचारला का, ते बघा. खासदाराचं संसदेच्या साईटवर नावानिशी सगळं मिळतं, आणि पीआरएस नावाची संस्था हजेरी, प्रश्न, चर्चा यांचा हिशोब ठेवते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, तारांकितची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते, म्हणून तारांकित कमी म्हणजे खासदार आळशी असं नसतं. अजून एक, मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि त्यांची हजेरी त्या रजिस्टरवर लागत नाही, तेव्हा मंत्र्याच्या नावापुढं शून्य बघून मीम बनवायची घाई नको.

गारपिटीनंतरचे पाहणी दौरे हा आपल्या जिल्ह्याचा खास विषय. निफाड, दिंडोरी, चांदवडला गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेत गाड्यांची रांग लागते, चिखलात पांढरे बूट, हातात फुटलेला घड. साहेब आले तर धीर वाटतो हे खरं, पण भरपाई त्या फोटोवर मिळत नाही, पंचनाम्यावर मिळते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा तो पंचनामा, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दिसलं पाहिजे, ३० लिहिलं तर संपलं. म्हणून साहेब बागेत उभे असताना "साहेब लक्ष द्या" असं म्हणण्यापेक्षा तिथंच तहसीलदाराला विचारायला लावा की या गावाचे पंचनामे कधीपासून, कोण करणार, यादी ग्रामपंचायतीत कधी लागणार. ही तीन उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड झाली की दौऱ्याचं सार्थक झालं. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद आहे का तेवढं आपण आपलं आधीच बघून ठेवायचं, ती नसली की आमदार काय नि मंत्री काय, सगळे हात वर करतात.

आणि कागदाशिवाय उठायचं नाही हे कोणाकडून शिकायचं तर आपल्याच आदिवासी पट्ट्याकडून. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला, तेव्हाचे कळवणचे आमदार जे. पी. गावित त्यात होते, १२ तारखेला मुंबईत सरकारनं लेखी आश्वासन दिलं. अंमलबजावणी रखडली तर लोक परत निघाले, आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदला थांबला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केल्यावरसुद्धा माणसं लगेच उठली नाहीत, आदेश खालच्या ऑफिसांपर्यंत पोचतायत का ते बघून मग माघारी फिरली. आपल्याला पायाला फोड आणायची गरज नाही, एवढी चिकाटी मात्र पाहिजे.

चिकाटीचं शहरी रूप म्हणजे माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून पण होतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, त्यामुळं "का केलं नाही" असली भाषणं नकोत, कागद मागा. उदाहरणार्थ, "सन अमुक मध्ये अमुक मतदारसंघातील आमदार स्थानिक विकास निधीतून सुचवलेल्या, मंजूर व पूर्ण कामांची यादी, रक्कम व कार्यारंभ आदेशाच्या प्रती". कायद्यात चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि मटेरियलचे नमुने मागायची पण सोय आहे, डांबराचा थर किती इंचाचा यावर वाद असेल तर हे वापरा, त्याची कुणकुण लागली तरी ठेकेदार सुतासारखा सरळ येतो. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि पुढं राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईला खेटे मारावे लागत नाहीत.

सध्या कुंभाची कामं चालू आहेत म्हणून हे सगळं जास्तच लागू पडतं. रस्ते, घाट, पूल, तपोवन, रोज कोणीतरी नेता हेल्मेट घालून पाहणी करतोय. प्रत्येक कामामागं धावू नका, दमाल आणि सोडून द्याल. तुमच्या घरापासून चालत जाता येईल असं एकच काम निवडा आणि वर सांगितलेलं त्याच्यावर वापरा, महिन्यातून एकदा त्याच जागेवरून त्याच कोनातून फोटो.

तुमचा प्रश्न सभागृहात जावा असं वाटत असेल तर अधिवेशन सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही, सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात, म्हणजे दिवाळीचा फराळ चालू असतानाच साहेबांच्या पीएला गाठायचं, प्रश्न आयता टाइप करून, सोबत आपल्या निवेदनाची आवक शिक्क्याची प्रत जोडून. पीएला रोज शंभर तक्रारी येतात पण तयार प्रश्न क्वचित कोणी देतो, त्यामुळं तो ठेवून घेतो. नंतर विधिमंडळाच्या यादीत आपल्या तालुक्याचं नाव टाकून बघत राहायचं.